काळ्याचा बाजा, गोऱ्यांचा बाजार

आपल्या गाण्याला त्यांनी टाळी दिली की आपण हुरळून जातो. वरच्या आळीतली पोरं हलगीवर नाचली, गॅदरिंगमध्ये एखाद्या भीमगीतावर त्यांनी ठेका धरला, की आपल्यातलाच एखादा शिकलेला शहाणा म्हणतो, बघा, जात चालली! हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. टाळीने जात जात असती तर तमाशाच्या कनातीत ती कधीच मेली असती. तिथे काय कमी टाळ्या वाजल्या? पाटलाने वाजवल्या, इनामदाराने वाजवल्या, सरदार-दरकदारांनी वाजवल्या. आणि पहाटे कनात उतरली की गाणारी, नाचणारी, ढोलकी वाजवणारी माणसं मुकाट आपापल्या महारवाड्यात, मांगवाड्यात, कोल्हाट्यांच्या पालात परत गेली.

गाणं आवडणं आणि ते गाणाऱ्याला त्याचं माणूसपण, त्याचा वाटा देणं, ह्या दोहोंत किती अंतर आहे? आज मी ते आपल्या गावात मोजत नाही. आपल्या गावात मोजायला बसलं की जुनी भांडणं उकरली जातात आणि मुद्दा बाजूला पडतो. म्हणून लांबचं माप घेतो. अमेरिकेतला एक काळा माउथ ऑर्गनवाला आणि इंग्लंडमधली अठरा-वीस-बावीस वर्षांची गोरी पोरं. साल १९६३.

लांबचं म्हणालो, पण तितकं लांबही नाही. जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतली गुलामी मोडायला झटलेल्या लोकांना. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये काळ्यांचे विचारवंत डू बॉइस यांना पत्र लिहिलं. ओकलंडमध्ये १९६६ साली ब्लॅक पँथर उभी राहिली आणि १९७२ साली मुंबईत आपल्या पोरांनी तोच पँथर आपल्या नावाला जोडला. तेव्हा काळ्यांच्या घरात काय घडलं, ते आपल्या भिंतीपलीकडच्या घरात घडलंय असं समजून ऐका.

माणसाचं नाव सनी बॉय विल्यमसन. हे त्याचं खरं नाव नव्हे, त्यावर पुढे येतो. जन्म मिसिसिपी राज्यात, टॅलाहाची काउंटीत, ग्लेंडोरा गावाजवळच्या मळ्यावर. घरचे लोक दुसऱ्याच्या जमिनीवर अर्धेलीने कापूस पिकवणारे. जन्मसाल? तो स्वतः १८९९ सांगायचा. संशोधक १९१२ च्या आसपासचं मानतात. ज्याच्या जन्माची नोंद ठेवायची कुणाला गरज वाटली नाही अशा घरातला माणूस. आपल्या आजीला जन्मसाल विचारा, ‘मोठा दुष्काळ पडला ना, त्या साली’ म्हणेल. तसंच ते.

ह्या टॅलाहाचीचं नाव लक्षात ठेवा. १९५५ च्या ऑगस्टमध्ये शिकागोहून मिसिसिपीत नातेवाइकांकडे आलेल्या एमेट टिल नावाच्या चौदा वर्षांच्या काळ्या पोराला गोऱ्यांनी ठार मारलं आणि टॅलाहाची नदीत फेकलं. ह्याच काउंटीतल्या सम्नरच्या कोर्टात निखळ गोऱ्या ज्युरीने आरोपींना मोकळं सोडलं. त्याच ऑगस्ट महिन्यात सनी बॉय शिकागोत चेस कंपनीसाठी पहिल्यांदा रेकॉर्डिंग करत होता. ह्या मातीतून हे गाणं आलंय. त्याला नुसतं ‘मूड’चं संगीत म्हणणाऱ्यांनी हा नकाशा आधी बघावा.

आता बाज्याचं. दहा भोकांचा, जर्मनीतल्या कारखान्यात बनणारा, स्वस्त, खिशात मावणारा. बनवणाऱ्यांनी त्यात सूर बसवले ते त्यांच्याकडच्या सरळ-सोप्या धुनांसाठी. काळ्यांच्या गाण्याला लागणारे अधले-मधले, कलते सूर त्यात ठेवलेलेच नाहीत. मग काळ्या वादकांनी काय केलं? फुंकर मारण्यापेक्षा श्वास आत ओढण्यावर भर दिला, जिभेने-घशाने सूर वाकवला, आणि एका पट्टीचा बाजा घेऊन गाणं दुसऱ्याच पट्टीत वाजवलं. कंपनीने जो सूर दिला नव्हता तो त्याच कंपनीच्या डबीतून ओढून काढला. सनी बॉय ह्यातला बादशहा. आख्खा बाजा तोंडात घालून, हात मोकळे सोडून वाजवायचा. बघ्यांना वाटायचं जादूचा खेळ. पण त्याची खरी कारागिरी दोन ओळींच्या मधल्या जागेत होती. एक ओळ गळ्याने म्हणायची, तिला उत्तर बाज्याने द्यायचं. सवाल-जवाबच म्हणा ना.

१९४१ च्या नोव्हेंबरात अर्कान्सामधल्या हेलेना गावात केएफएफए रेडिओवर ‘किंग बिस्किट टाइम’ सुरू झालं. दुपारची पंधरा मिनिटं. सनी बॉय आणि गिटारवर रॉबर्ट लॉकवुड. पैसे पिठाच्या व्यापाऱ्याचे. गोऱ्या व्यापाऱ्याला काळ्यांच्या चुलीपर्यंत पोचायचं होतं आणि वाट काळ्या गाण्यातून जात होती. पीठ असं खपलं की पुढे मक्याच्या पिठाच्या पोत्यालाच ‘सनी बॉय’ नाव दिलं, वर त्याचं चित्र छापलं – कणसावर बसलाय. पोत्यावर तोंड त्याचं, गल्ल्यावर हात दुसऱ्याचा. ह्या माणसाची पुढची सगळी गोष्ट त्या पोत्यावर आधीच छापून झाली होती.

आणि ते नाव तरी कुणाचं? घरचं नाव अलेक. ‘राइस’ हे टोपणनाव. मिलर हे सावत्र बापाचं आडनाव. सनी बॉय विल्यमसन नावाचा माणूस आधीच होता: टेनेसीत जन्मलेला, शिकागोत गाजलेला जॉन ली विल्यमसन, ह्याच बाज्याचा उस्ताद. १९३७ पासून त्याच्या तबकड्या निघत होत्या. आपल्या माणसाने ते नाव सरळ उचललं, आणि वर म्हणायचा मूळ सनी बॉय मीच. १९४८ मध्ये शिकागोच्या रस्त्यावर लुटारूंनी जॉन लीला मारलं आणि नावाचा दावा सांगणारा उरलाच नाही.

हे मी झाकणार नाही. काळ्याने काळ्याचं नाव घेतलं ते घेतलंच. आपल्या बाजूचा म्हणून माफी नाही. पण नाव बदलण्यामागची वणवण मला कळते. भाड्याची खोली मिळावी म्हणून आडनावाच्या जागी गावाचं नाव लावणारे लोक आपण रोज बघतो. एका विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळावं म्हणून १९७८ ते १९९४ आपल्या लोकांनी डोकी फोडून घेतली, घरं जाळून घेतली, जीव दिले. नावाची किंमत आपल्याला कुणी शिकवू नये.

आता येऊ त्या गोऱ्या पोरांकडे. लिपमान आणि राऊ ह्या दोन जर्मन आयोजकांनी १९६२ पासून ‘अमेरिकन फोक ब्लूज फेस्टिव्हल’ नावाने काळ्या कलावंतांचा जथा युरोपात फिरवायला सुरुवात केली. १९६३ च्या जथ्यात मडी वॉटर्स, विली डिक्सन, मेम्फिस स्लिम, ओटिस स्पॅन ह्यांच्याबरोबर सनी बॉय आला. दौरा संपला, जथा परत गेला, हा मागे राहिला. का नाही राहणार? मिसिसिपीत ज्याला गोऱ्यांच्या हॉटेलात पुढच्या दाराने शिरता येत नव्हतं, त्याच्यापुढे इथे गोरी पोरं सहीसाठी वही धरत होती. त्याने दोन रंगांचा सूट शिवून घेतला – अर्धा एका रंगाचा, अर्धा दुसऱ्या. साहेबाची गोल बोलर टोपी घेतली, छत्री घेतली, हातात ब्रीफकेस आणि तिच्यात बाजे. काही लोक हसले, म्हणाले विदूषक आहे. अरे, थांबा जरा. ज्या टोपीपुढे अर्धं जग वाकलं ती टोपी डोक्यावर घालून तो साहेबाच्याच गावात साहेबाचं सोंग घेऊन फिरत होता. वगातला सोंगाड्या राजाच्या दरबारात राजाची टर उडवतो तेव्हा आपण त्याला विदूषक म्हणतो का? ज्याला सोंगाड्या कळतो त्याला सनी बॉय कळेल.

डिसेंबर १९६३ च्या सात आणि आठ तारखेला लंडनजवळच्या रिचमंडमधल्या क्रॉडॅडी क्लबात तो यार्डबर्ड्स नावाच्या पोरांबरोबर गायला. त्यात एरिक क्लॅप्टन अठरा वर्षांचा. गाणारा कीथ रेल्फ स्वतः माउथ ऑर्गन वाजवणारा, तो उस्तादासाठी बाजूला झाला. त्यांचा मॅनेजर गोमेल्स्कीने सगळं टेपवर धरून ठेवलं. तीस डिसेंबरला न्यूकासलच्या क्लब अ गो-गोमध्ये तो अॅनिमल्सबरोबर उभा राहिला. न्यूकासल म्हणजे कोळशाचं, जहाजबांधणीचं शहर. तिथला बास वाजवणारा चॅस चँडलर जहाजाच्या कारखान्यात काम केलेला, गाणारा एरिक बर्डन कामगाराचा पोरगा. फेब्रुवारी १९६४ मध्ये बर्मिंगहॅमच्या टाउन हॉलमध्ये पुन्हा यार्डबर्ड्सबरोबर. तीन महिन्यांत तीन शहरं, आणि पुढे जगभर नाव काढणारी निम्मी पोरं त्याच्या मागे ठेका धरून उभी राहिलेली.

त्या टेपा आज कुणालाही ऐकता येतात. ऐका. पोरं तबकड्या घोकून आलेली आहेत, बारा बारचा हिशोब बोटांवर पाठ आहे. म्हाताऱ्याला त्या हिशोबाचं काही पडलेलं नाही. त्याला वाटेल तिथे तो थांबतो, वाटेल तिथे ओळ लांबवतो, आणि पोरं चाचपडत मागे येतात. काही ठिकाणी तर पोरं गप्प आणि तो एकटा – बाजा, गळा आणि पायाचा ठेका. घरी परतल्यावर तो म्हणाला म्हणे, ह्या इंग्लिश पोरांना ब्लूज वाजवायची हौस भारी आणि वाजवतात पण भारी वाईट. तोंडोतोंडी पसरलेलं वाक्य आहे, त्याचे पाठ वेगवेगळे आहेत. पण टेप ऐकली की वाक्य खरं वाटतं.

अजून एक प्रसंग क्लॅप्टनने स्वतः आत्मचरित्रात सांगितलाय. ह्या पोराने पुस्तकी माहितीच्या जोरावर उस्तादाला गाठलं आणि विचारलं, तुमचं खरं नाव राइस मिलर ना? म्हाताऱ्याने शांतपणे खिशातून छोटा चाकू काढला आणि त्याच्याकडे रोखून बघितलं. मला हा प्रसंग फार आवडतो. आपल्यावर पीएचडी करायला येणारे येतात ना, ‘तुमची मूळ जात कोणती हो’ असं गोड विचारणारे, त्यांनाही कधीतरी हा चाकू दिसला पाहिजे. चाकू म्हणजे नजर म्हणतोय मी. लगेच पोलीस बोलावू नका.

मग पोरांचं प्रेम खोटं होतं का? नाही. हे मी ठासून सांगतो. ज्या काळात त्यांच्या देशातल्या रेडिओवर ही गाणी क्वचित लागत, त्या काळात परदेशातून तबकड्या मागवून, झिजेपर्यंत ऐकून त्यांनी हे शिकून घेतलं. प्रेम खरंच होतं. माझं म्हणणं इतकंच आहे की प्रेम खरं असूनही हिशोब खोटा निघाला. आणि म्हणूनच ही गोष्ट आपल्या कामाची आहे. खोटं प्रेम ओळखता येतं, त्याच्याशी लढता येतं. खऱ्या प्रेमाच्या पोटात लपलेली लूट ओळखायला वेळ लागतो.

हिशोब मांडू. क्रॉडॅडीची टेप तशीच पडून राहिली. ती बाजारात आली जानेवारी १९६६ मध्ये, पोरं गाजल्यावर. तोवर सनी बॉय मरून सात महिने झाले होते. चेससाठी त्याने १९६३ मध्ये विली डिक्सनचं ‘ब्रिंग इट ऑन होम’ म्हटलं होतं. १९६९ मध्ये लेड झेपेलिनने त्याच नावाचं गाणं आपल्या दुसऱ्या तबकडीत घातलं. सुरुवात आणि शेवट सनी बॉयच्या ढंगाची हुबेहूब नक्कल, आणि खाली नावं पेज आणि प्लांट. हा जिमी पेज लंडनमध्ये सनी बॉयबरोबर एका रेकॉर्डिंगला बसलेला, म्हणजे अजाणतेपणी झालं म्हणायची सोय नाही. चेसच्या प्रकाशन कंपनीने, आर्क म्युझिकने, दावा लावला आणि १९७२ मध्ये कोर्टाबाहेर तडजोड झाली. आता गंमत ऐका. गोऱ्यांच्या बँडशी भांडणारी कंपनीही गोऱ्या मालकांचीच. पुढे डिक्सनला आणि मडी वॉटर्सला त्याच आर्क म्युझिककडून आपला हिशोब घ्यायला कोर्टाची पायरी चढावी लागली. दोन बोके भांडले, लोण्याचा गोळा कुणाचा होता ते कुणी विचारलंच नाही.

सगळेच तसे नव्हते, तेही लिहिलं पाहिजे. द हू ह्या बँडने १९६९ मध्ये ‘टॉमी’त सनी बॉयचं ‘आयसाइट टू द ब्लाइंड’ घेतलं आणि त्याचं नाव दिलं. नाव द्यायला काही डोंगर उचलावा लागत नाही, एवढं त्यावरून सिद्ध होतं. मे १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सना अमेरिकेच्या टीव्हीवर ‘शिंडिग’ कार्यक्रमात बोलावलं तेव्हा त्यांनी अट घातली, हाउलिन वुल्फलाही आणा. आले तर दोघे येऊ. ती पोरं त्याच्या पायाशी बसली आणि तो काळा पहाड गोऱ्या अमेरिकेच्या दिवाणखान्यात गायला. प्रेमाला हात-पाय फुटतात ते असे. आपल्या वजनाचा उपयोग करून दुसऱ्यासाठी दार उघडणं. नुसते डोळे पाणावून चालत नाही.

आणि कागदावरच्या नावाची ताकद बघायची तर अॅनिमल्सकडेच बघा. १९६४ मध्ये त्यांचं ‘हाउस ऑफ द रायझिंग सन’ जगभर गाजलं. गाणं जुनं, लोकांचं. बसवलं पाचांनी. लेबलवर ‘संयोजन’ म्हणून नाव छापलं एकट्या अॅलन प्राइसचं, जागा पुरत नाही म्हणून, असं बाकीचे सांगतात. झालं, रॉयल्टी त्या एका नावाला. एका गल्लीतल्या, एका वर्गातल्या, एका रंगाच्या मित्रांमध्ये हे होतं. मग समुद्रापलीकडच्या, रेडिओच्या पिठावर जगलेल्या काळ्या म्हाताऱ्याची काय कथा? कागद मैत्री ओळखत नाही. तो फक्त त्यावर लिहिलेलं नाव ओळखतो.

आता बर्मिंगहॅमला चला. फेब्रुवारी १९६४ मध्ये ज्या शहरात क्लॅप्टन सनी बॉयच्या मागे गिटार घेऊन उभा होता, तिथेच एप्रिल १९६८ मध्ये इनॉक पॉवेलने परदेशातून आलेल्या काळ्या-सावळ्या लोकांविरुद्ध ते कुप्रसिद्ध भाषण केलं. आणि त्याच शहरात ऑगस्ट १९७६ मध्ये दारू पिऊन स्टेजवर चढलेल्या क्लॅप्टनने भर कार्यक्रमात सांगितलं की पॉवेल बरोबर बोलतो, परक्यांना हाकला. त्या शिव्यांत काळे होते, तसे हिंदुस्थानी-पाकिस्तानीही होते. पॉवेलचा मतदारसंघ वुल्व्हरहॅम्प्टन. तिथे कोण कामाला गेलेलं होतं? ओतशाळांत, कारखान्यांत राबणारे पंजाबी, त्यांत रविदासी होते, वाल्मीकी होते, बाबासाहेबांचा फोटो बरोबर घेऊन गेलेले आपले लोक होते. म्हणजे ती शिवी आपल्या दारापर्यंत आलेली आहे, गड्यांनो. दोनच वर्षांपूर्वी ह्याच क्लॅप्टनने बॉब मार्लेचं गाणं गाऊन अमेरिकेत पहिला नंबर मिळवलेला. काळ्याच्या बाज्यावर हात धुऊन घेतले, काळ्याच्या गाण्यावर घर बांधलं, आणि काळा शेजारी नको झाला.

त्याने पुढे, २०१८ मध्ये, ह्या प्रकाराची लाज वाटते असं जाहीर सांगितलं. नोंद करून ठेवू. पण १९७६ मध्येच काही गोऱ्या पोरांनी त्याला वर्तमानपत्रांतून उघडं पत्र लिहून विचारलं की काळ्यांचं संगीत काढून घेतलं तर तुझ्याकडे उरतं काय? त्यातून ‘रॉक अगेन्स्ट रेसिझम’ ही चळवळ उभी राहिली, १९७८ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कात प्रचंड मेळावा झाला, बर्मिंगहॅमच्याच हँड्सवर्थ वस्तीतला काळ्यांचा बँड स्टील पल्स तिथे वाजला. हे गोरे दोस्त मला मान्य आहेत. ते गाणं आवडतं म्हणून थांबले नाहीत, गाणाऱ्याच्या वस्तीवर हल्ला झाला तेव्हा बाहेर आले. दोस्ताची माझी व्याख्या एवढीच आहे.

आता नेहमीचे दोन आक्षेप. पहिला: संगीत सगळ्यांचं असतं, त्यात काळं-गोरं, सवर्ण-दलित कशाला? ठीक. मग रॉयल्टीही सगळ्यांची करा. गाणं सार्वजनिक आणि चेक खाजगी, हा कुठला समाजवाद? दुसरा: ही गोरी पोरं नसती तर सनी बॉयला जगात कुणी ओळखलं नसतं. साफ खोटं. डेल्टातल्या हजारो काळ्या घरांत तो १९४१ पासून रोज दुपारी बोलत होता. काळ्यांनी ओळखलं ते ‘ओळखणं’ नाही आणि गोऱ्यांनी ओळखलं की ‘शोध’, ही भाषा कोलंबसाची आहे. मराठी साहित्याच्या वाड्यातूनही आपल्याला ती ऐकवली जाते. कुणी समीक्षक दलित कवीला ‘शोधून काढतो’. अरे, तो हरवला कधी होता?

आणि हे सगळं जुनं झालं असं वाटत असेल तर २०२१ कडे या. मडी वॉटर्सने १९५० मध्ये ‘रोलिन स्टोन’ गायलं. त्यावरून १९६२ मध्ये इंग्रज पोरांनी बँडचं नाव घेतलं, आणि पुढे १९६७ मध्ये निघालेल्या अमेरिकन मासिकाच्या नावामागेही तेच गाणं. त्या मासिकाची हिंदुस्थानी आवृत्ती निघते. मार्च २०२१ मध्ये ‘एन्जॉय एन्जामी’ हे तमिळ गाणं आलं आणि कोट्यवधी लोकांनी ऐकलं. शब्द लिहिले दलित कवी-रॅपर अरिवुने, गायिका धीबरोबर गायलाही तोच. आजी श्रीलंकेच्या चहामळ्यात राबलेली, तिची जमीन न मिळालेली पिढी त्याने गाण्यात आणली. ऑगस्टमध्ये त्या मासिकाच्या मुखपृष्ठावर धी आणि दुसरा एक गायक झळकले. लेखात ज्या गाण्यांची थोरवी होती ती लिहिणारा अरिवु मुखपृष्ठावर नाही. दिग्दर्शक पा. रंजितने जाहीर आवाज उठवला, गलका झाला, तेव्हा कुठे त्याच्यासाठी वेगळं डिजिटल मुखपृष्ठ निघालं. काळ्याच्या गाण्यावरून नाव घेतलेल्या मासिकाने दलिताचं नाव विसरावं! कापसाच्या मळ्यापासून चहाच्या मळ्यापर्यंत रस्ता सरळ आहे.

सनी बॉय १९६४ अखेरच्या दौऱ्यानंतर हेलेनाला परतला आणि पुन्हा त्याच पिठाच्या रेडिओवर बसला. त्याच सुमारास लेव्हन हेल्म आणि त्याच्या बँडची गोरी पोरं त्याला भेटायला आली. काळ्यांच्या वस्तीत एकत्र जेवायला बसले तर पोलिसांनी येऊन हुसकावलं. वर्णभेद मोडणारा कायदा होऊन वर्षही झालं नव्हतं. युरोपची टोपी, युरोपचा सूट, युरोपच्या टाळ्या – हेलेनाच्या पोलिसाला त्यातलं काही दिसलं नाही. त्याला कातडी दिसली. २५ मे १९६५ ला रेडिओची वेळ झाली तरी तो आला नाही म्हणून ढोल वाजवणारा पेक कर्टिस बघायला गेला, तर झोपेतच गेलेला. मिसिसिपीत टटवायलर गावाबाहेर त्याचं थडगं आहे. १९५१ मध्ये त्याची पहिली तबकडी काढणाऱ्या लिलियन मॅकमरी ह्या गोऱ्या बाईने पुढे तिथे दगड बसवला. जगभरचे चाहते येतात आणि त्यावर माउथ ऑर्गन ठेवून जातात.

ठेवू देत. पण मेलेल्याच्या दगडावर बाजा ठेवणं सोपं आहे, जिवंत असताना करारात त्याचं नाव ठेवणं अवघड. विली डिक्सन हे ओळखून होता. कोर्टात भांडून जे मिळवलं त्यातून त्याने ‘ब्लूज हेवन फाउंडेशन’ काढलं, म्हाताऱ्या कलावंतांना त्यांचे हक्क मिळवून द्यायला. आज ते शिकागोत चेसच्याच जुन्या इमारतीत आहे. मालकाच्या स्टुडिओत मजुरांचं ऑफिस!

आपल्याला हेच करायचंय. आपल्या प्रत्येक जलशाची, प्रत्येक गाण्याची नोंद ठेवा: कुणी लिहिलं, चाल कुणाची, ढोलकीवर कोण, कोरसात कोण. एकरकमी पैशावर सही करू नका. सही करण्याआधी आपल्या वकील पोरा-पोरींना कागद दाखवा. आणि जॉन ली विल्यमसनला विसरू नका. आपल्याच वस्तीतल्या बाईने बांधलेलं गाणं पुरुष शाहिराच्या नावावर खपत असेल तर तीही चोरीच आहे, आणि तिचा हिशोब आधी घरात व्हायला पाहिजे. मग बाहेरच्यांनी खुशाल आपल्या गाण्यावर नाचावं. नाचून झाल्यावर आम्ही वही पुढे करू. सही मागायला नव्हे, हिशोब लिहायला.